बेबाक

पणजोबांबद्दल घरात तीन गोष्टी आहेत.
बाबा म्हणायचे, वादळ.
काका म्हणायचे, रात्रीच्या आगबोटीनं मचवा कापला,
नाळेवर दिवा नव्हता, तेल वाचवलं होतं.
ठकूआत्या, ब्याऐंशीची,
खार दांड्याला ओट्यावर कोलीम निवडत:
"मेला कोन बोलला? आला नाय, येवढाच."

मी बँकेत आहे. मला पोहता येत नाही.
कोलंबी खाल्ली की ओठ सुजतात.
अशी मी, चार दिवस रजा टाकून त्याला शोधायला निघाले.

पालिकेच्या वहीत त्या कार्तिकात दांड्याचे नऊ जण सापडले:
ताप, ताप, बाळंतपण, पटकी, ताप.
हाशा बेंडू टपके नाही.
देहच नाही तर नोंद कुठल्या वॉर्डात करणार?
बंदराच्या दप्तरात मोठी जहाजं होती, कप्तानांच्या नावांसकट.
सहा माणसांच्या मचव्याला ओळ नव्हती.

तो सापडला मशीद बंदरला,
सुताच्या एका बंद पडलेल्या वखारीत,
वाळवीनं कडा कुरतडलेल्या लाल वहीत, पान सत्तावन.
अक्षर मोडी. मला वाचता येईना.
विजयकर गुरुजींनी भिंग लावलं, म्हणाले,
मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात,
मग तिला अक्षरं टांगतात.
मी पाहिलं.
वलांडीवर बोंबील घालतात, अगदी तसं.
तोंडात तोंड अडकवलेलं, मध्ये फट नाही,
एक शब्द कुठे संपतो, दुसरा कुठे सुरू होतो,
माहीतगारालाच कळावं.

"हाशा बेंडू, दांडा. सूत अकरा शेर. डांबर एक डबा.
बाकी रुपये चौदा, आणे सहा."
तारीख: जाण्याच्या आधीचा मंगळवार.

म्हणजे जाळं नवं होतं.
एवढं एकच मला त्याच्याबद्दल नक्की कळलं,
आणि त्यात मी थोडा वेळ बसून राहिले.

गुरुजी पुढे वाचत होते.
"हाशा बेंडू, जमा आठ आणे."
पुढचा महिना. "हाशा बेंडू, जमा चार आणे."
"हाशा बेंडू, सुके बोंबील दोन शेर, जमा दहा आणे."
मी म्हटलं, थांबा, हा तर गेला होता.
त्यांनी भिंग खाली सरकवलं.
प्रत्येक ओळीच्या टोकाला, बारीक:
हस्ते पदी.

पदी. पणजी. तिच्याबद्दल घरात एकही गोष्ट नाही.
लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या तिनं दर्याला दिल्या असतील,
सगळ्या देतात, धन्याला सांभाळ म्हणून.
तो हात तेव्हापासून मोकळाच.
त्याच हातानं पाटी उतरवून
ती दांड्याहून मशीद बंदरला आली असेल, किती वेळा?
गुरुजींनी मोजलं. एकेचाळीस.
खातं तिनं आपल्या नावावर करून घेतलं नाही.
साडेचार वर्षं कागदावर
तोच येतोय, दर महिन्याला, चार आणे, आठ आणे,
दर्यातून उठून.

आणि मग एका ज्येष्ठात, पावसाच्या आधी:
"बेबाक."

मला वाटलं, संपलं. मी वही मिटायला हात घातला.
"अजून आहे," गुरुजी म्हणाले. तोच दिवस, खालची ओळ:
"हाशा बेंडू. सूत पाऊण शेर. उधार. हस्ते पदी.
पुढे पान एकशे बारा."

वही एकशे नऊवर संपते.

आत्याला सगळं सांगितलं.
तिनं कोलीम चाळून घेतलं, कचरा फुंकला.
"पाऊन शेरान जाला नाय व्हत," म्हणाली.
"पोराच्या हाताला शिकवन्यापुरता व्हतो."
मग बराच वेळ काही नाही.
मग, "चवदा रुपये? आनि आमी बोलायचो,
बाय पैका कंय ठेवते."